झुलिखामावशी दुपारी जेवायला बसली

झुलिखामावशीच्या पहिल्या डाएटचं मला एवढंच आठवतं की, आमच्या जिन्यात आठ दिवस कोबीचा वास होता. मी नुकती लग्न होऊन त्या इमारतीत आले होते. मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी फार ओढगस्तीतलं कुटुंब राहत असावं. आठव्या दिवशी राहवेना, म्हणून ताटभर शख्शूखा घेऊन वर गेले. रव्याच्या भाकरीचे तुकडे, त्यावर मटणाचा रस्सा, वर हरभरे. दार उघडलं ते एका गोऱ्यापान, भरल्या अंगाच्या बाईनं. गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची छोटी उशी. तिनं आधी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कोण गं तू?"

"खालची. जहीदा."

"जहीदा, पोरी, तुला अल्लानं धाडलंय की सैतानानं, ते मी जेवल्यावर सांगते," असं म्हणून तिनं ताट आत घेतलं. कोबीचं डाएट तिथंच संपलं आणि आमची ओळख सुरू झाली. त्याला आता चोवीस वर्षं झाली.

मावशी नवऱ्यामुलींचे गंदूरे शिवते. आमच्या कॉन्स्टंटिनमध्ये मुलगी बाकी काहीही नेसो, लग्नात तिच्या अंगावर मखमलीचा पायघोळ गंदूरा हवाच, छातीपासून पायापर्यंत सोनेरी जरीनं भरलेला. जरीकामाला एक कारागीर वेगळा, पण कापणं, बेतणं, अंगावर बसवणं मावशीचं. शहरातल्या निम्म्या बायकांच्या कमरेची मापं तिला तोंडपाठ आहेत आणि त्यातलं एकही तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. असल्या बाईला स्वतःच्या कमरेचं माप मात्र घ्यायचं नसायचं. ती म्हणायची, "टेप माझ्या गळ्यात शोभते. खाली उतरली की भांडायला लागते."

चौतिसाव्या वर्षी, तिसऱ्या बाळंतपणानंतर, तिचं वजन शहात्तर किलो होतं. कोबीनं पाच किलो नेले आणि रमजानपर्यंत सात आणून दिले. त्यानंतर लिंबू-जिऱ्याचं पाणी झालं. मग अंडी आणि पपनस, तीन वेळा, पंधरा दिवस. बाजारातल्या काढेवाल्याकडची कसलीशी पुडी आणली तेव्हा तर ती आठवडाभर घराबाहेर पडू शकली नाही. एका नवरीच्या आईला तिनं न्हाणीघराच्या दारातूनच बाहीची लांबी सांगितली. एकदा तिनं पाव पूर्ण सोडला. अडतीस दिवस सोडला! एकोणचाळिसाव्या दिवशी बेकरीसमोरून येताना गरम, हातभर लांब पावांची पिशवी घेतली आणि घरी पोचेपर्यंत तीन पाव संपले होते. माझ्या दारात येऊन मला म्हणाली, "पोरी, मी काय केलं हे मला आठवतच नाही. हात माझा होता, पण मी नव्हते."

दर वेळी असंच. सुरुवातीला पाच-सात किलो झरझर उतरायचे, बायका जिन्यात थांबवून "माशाल्ला, काय केलंस?" विचारायच्या. मग कधीतरी एक मकरूद तोंडात जायचा, खजूर भरलेली ती रव्याची वडी, मधात बुडवलेली. एक गेला की मावशी म्हणायची, मोडलंच आहे तर आज खाऊन घेऊ, शनिवारपासून नव्यानं. शनिवार येईपर्यंत घरातलं गोडधोड संपलेलं असायचं, आणि शनिवारी पाहुणे यायचे.

या सगळ्यामागं वसीला. मावशीची नणंद, तिच्या नवऱ्याची, लख्दरकाकांची, धाकटी बहीण. काटकुळी, तोंडाळ, पण मनानं वाईट नाही. तिलाही डाएटचा नाद, पण तिचा नाद जास्त करून दुसऱ्यांवर चालायचा. दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी नवीन घेऊन यायची. सातव्या खेपेला तिनं गोळ्या आणल्या, कुणाच्या तरी मेव्हणीनं परदेशातून पाठवलेल्या. दिवसातून दोन गोळ्या आणि रात्री फक्त दही.

मावशी तेव्हा बावन्न वर्षांची होती. वजन अठ्ठ्याण्णव.

गोळ्यांच्या नवव्या दिवशी ती एका नवरीकडं शेवटची फिटिंग करायला गेली. पिशवी उचलायला म्हणून मी बरोबर होते. नवरीचं नाव रन्दा, शिक्षिका होती. गंदूरा अंगात घातला आणि मावशीच्या कपाळाला आठी पडली. "तुझं माप मी दीड महिन्यापूर्वी घेतलं. आता कमरेत माझी मूठ जातेय."

रन्दा अभिमानानं म्हणाली, "अकरा किलो, मावशी. नुसत्या काकड्या आणि टूना."

रन्दाची होणारी सासू सोफ्यावर बसली होती, मधोमध मकरूदांचं तबक. मावशी गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होती, तोंडात आठ-दहा टाचण्या. मग तिनं एक गोष्ट केली, ती मी जन्मात विसरणार नाही. एकेक करून सगळ्या टाचण्या तोंडातून काढल्या, मनगटावरच्या उशीत नीट खोचल्या, "एक मिनिट हं," म्हणाली, उठली, दोन पावलं चालली, आणि सासूबाईंच्या मांडीवर आडवी झाली.

एकच गोंधळ. सासूबाई ओरडतायत, कुणी अत्तर हुंगवतंय, कुणी तोंडावर नारंगीच्या फुलांचं पाणी शिंपडतंय. मावशीनं डोळे उघडले तर रन्दा, पन्नास टाचण्या लावलेल्या मखमलीत, शेजारी उकिडवी बसून तिला मकरूद भरवत होती. एक मावशीच्या तोंडात, एक स्वतःच्या. मी मोजत नव्हते, पण रन्दाचे सहा तरी झाले असतील.

परत येताना टॅक्सीत मावशी म्हणाली, "शिवण मी चार बोटं आत घेतलीय, पण कापड कापलेलं नाही. माया ठेवलीय आत. लग्नापर्यंत ही पोरगी परत भरणार."

"कशावरून?"

"मकरूद कसा खात होती बघितलंस ना? मी तस्साच खाते."

लग्नाच्या आदल्या दिवशी रन्दाच्या आईचा फोन आलाच. गंदूरा बसत नव्हता. मावशीनं तासाभरात शिवण उसवून दोन्ही बाजूंनी माया सोडली आणि नवरी थाटात वरातीला बसली.

चक्कर आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लख्दरकाकांनी मावशीला वस्तीतल्या दवाखान्यात नेलं. काका टपालखात्यातून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक गोष्ट ठरल्या पत्त्यावर पोचवायची सवय. डॉक्टरांनी गोळ्यांची डबी बघितली, छाती तपासली, डबी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाले, "ही परत मिळणार नाही. रक्तदाब वाढलाय, साखर काठावर आहे. बाहेर हद्दा नर्स बसल्यात, त्यांच्याशी बोला."

हद्दा नर्स साठीची, चांगली रुंद बाई. मावशीच्या मनात आलं ते थेट ओठांवर आलं. "बाई, राग मानू नका, पण तुम्ही मला बारीक करणार?"

"मी एकशे चौदा होते," हद्दा म्हणाली. "आता ब्याण्णव. नऊ वर्षं ब्याण्णवच. तुमचं सगळ्यात कमी वजन किती दिवस टिकलं होतं?"

मावशीनं आठवून बघितलं. "एकोणीस दिवस."

"मग बसा."

हद्दानं काय खाऊ नका याची यादी दिली नाही. मावशी यादीसाठी कागद-पेन काढून तयार होती, जरा हिरमुसलीच. हद्दा म्हणाली, "आठवडाभर जसं खाता तसंच खा. फक्त कधी खाल्लं, कुठं खाल्लं आणि तेव्हा काय चाललं होतं, तेवढं लिहा. आणि खोटं लिहू नका, मी वयानं मोठी आहे."

पुढच्या आठवड्यात तो कागद घेऊन मावशी आधी माझ्याकडं आली. चेहरा उतरलेला. सकाळी कॉफी, चार खडे साखर. दहाला कॉफी, चार खडे. दुपारी गिऱ्हाईक आहे म्हणून जेवण नाही, कॉफी. चारला कॉफी. दिवसभर पोटात अन्न असं काही नाहीच, आणि याचा तिला अभिमान! आणि मग संध्याकाळी सातपासून: रस्सा ढवळताना पावाचा तुकडा बुडवून. चव बघायला. मीठ बघायला. नातवानं अर्धवट टाकलेलं. काकांच्या ताटातली पावाची कड. भांडी घासायच्या आधी तळाशी उरलेलं. पाव उरला, फेकायचा कसा, म्हणून. आमच्याकडं पाव रस्त्यात पडलेला दिसला तर उचलून, कपाळाला लावून भिंतीवर ठेवतात. तो कचऱ्यात टाकायचा विचारच कुणाच्या मनात येत नाही.

"हे सगळं उभ्यानं गं," मावशी म्हणाली. "उभ्यानं खाल्लेलं मी कधी धरलंच नव्हतं. माझ्या हिशेबी मी रात्री एक वाटी सूप पिऊन झोपणारी बाई!"

हद्दानं कागद वाचला आणि हसली नाही. तिनं जे सांगितलं ते मावशीनं मला शब्दन् शब्द सांगितलं, कारण तिला ते फार पटलं होतं. "उपाशी ठेवलं की अंगाला वाटतं दुष्काळ पडला. दुष्काळात माणूस काय करतो? साठवतो. खर्च कमी करतो. आणि दिसेल त्यावर तुटून पडतो. तुम्ही अंगाला सात वेळा दुष्काळ दाखवलाय, झुलिखा. आता ते तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. आधी त्याला दुपारी जेवायला घाला."

"जेवून बारीक व्हायचं?"

"जेवून. बसून. आणि सावकाश. महिन्याला अर्धा किलो उतरला तरी मी टाळी वाजवेन."

मावशीला हा अपमान वाटला. अर्धा किलो म्हणजे काय, तेवढं तर नुसत्या कात्रीचं वजन होतं. पण सात वेळा हात पोळले होते. दुसऱ्या दिवशी बाराच्या नमाजानंतर तिनं मशीनवर कापड झाकलं, टेबल पुसलं, मसुराची आमटी, दोन अंडी, टोमॅटो-काकडीची कोशिंबीर आणि वीतभर पाव घेऊन बसली. लख्दरकाका बाहेरून आले आणि दारातच थबकले.

"काय झालं? आजारी आहेस?"

"जेवतेय."

"या वेळेला?"

"लोक याच वेळेला जेवतात, लख्दर."

"तीस वर्षांत तुला दुपारी बसलेलं बघितलं नाही मी," काका म्हणाले, आणि जरा वेळ उभे राहून त्यांनीही खुर्ची ओढली. निवृत्त झाल्यापासून ते दुपारी चौकातल्या कॅफेत एकटेच काहीबाही खायचे. त्या दिवसापासून दोघं एकत्र जेवायला लागली. मावशी म्हणते की त्या दुपारच्या तासात नवरा बोलका आहे हे तिला पहिल्यांदा कळलं. काही दिवसांनी म्हणाली, "इतका बोलका आहे की मला पुन्हा कॉफीवर जावंसं वाटतंय."

उरलेल्या पावाचं काकांनी मनावर घेतलं. जिन्याच्या दाराला एक कापडी पिशवी टांगली. अख्ख्या इमारतीचा शिळा पाव त्यात. दर गुरुवारी ते ती खोऱ्याच्या पलीकडं मेंढ्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याला पोचवायला लागले. पाव वाया गेला नाही आणि मावशीच्या पोटातही गेला नाही. साखरेच्या चार खड्यांचे तीन व्हायला एक महिना लागला, दोन व्हायला हिवाळा. दोनावर ती थांबली. "याच्या खाली कॉफी नाही, औषध होतं ते," असं तिनं हद्दाला ठणकावून सांगितलं, आणि हद्दानं मान्य केलं.

चालायला मी सोबत होते. आमच्या गावाचे दोन तुकडे, मधे खोल दरी, वर झुलते पूल. पहिल्या दिवशी सीदी मसीदच्या पुलावर मावशी निम्म्यात थांबली, कठड्याला धरून. वारा असा की तिची ओढणी माझ्या तोंडावर.

"पोरी, मागं फिरू."

"निम्म्यात आलोय मावशी. पुढं गेलो तरी तेवढंच, मागं गेलो तरी तेवढंच."

"पण मागं गेलं की घर येतं," ती म्हणाली, आणि आम्ही मागं फिरलो. दुसऱ्या दिवशी पण निम्म्यातूनच. तिसऱ्या आठवड्यात पलीकडं पोचलो, तिथल्या बाकावर बसून तिनं माझ्या सासूच्या तक्रारी ऐकल्या. वजन काटा दाखवो न दाखवो, मला मात्र त्या चालण्याचा मोठा आधार झाला, हे इथं कबूल केलं पाहिजे.

आणि काटा दाखवायचा नाही बरं का. पहिल्या महिन्यात सातशे ग्रॅम. दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यात चारशे वाढले, त्या महिन्यात तीन लग्नं होती. मावशी चिडली. दवाखान्यात जाऊन म्हणाली, "मोडलं. आता शनिवारपासून नव्यानं."

हद्दा म्हणाली, "तुमच्या हातून एखादा टाका चुकला तर अख्खा गंदूरा उसवता का?"

"छे! तेवढा टाका काढते, पुढं शिवते."

"मग?"

घरी येताना मावशी पुलावर माझ्याजवळ पुटपुटली, "बाई शिंपीण व्हायची, चुकून नर्स झाली."

दोन वर्षांत तेरा किलो उतरले. अठ्ठ्याण्णवचे पंच्याऐंशी. सावकाश उतरल्यानं कुणाच्या लक्षातच आलं नाही. जिन्यात एकही बाई "माशाल्ला" म्हणाली नाही. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची एक झाली. मावशी नवरीच्या पायाशी बसून झालर लावायची आणि कशाचाही आधार न घेता उठायची, हे फक्त मी बघितलं.

वसीलाला कळलं तेव्हा ती हसत सुटली. "दोन वर्षांत तेरा? अगं, मी वीस दिवसांत तेरा केले होते!"

"मग?"

"मग काय... मग ईद आली."

"ईद दर वर्षी येते, वसीला."

खरी परीक्षा पंचावन्नाव्या वर्षी झाली. मावशीची आई मीला नावाच्या गावी राहायची. चार दिवसांच्या तापानं गेली. मावशी तिथं चाळीस दिवस राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी रोज कुसकुसाची पातेली चढत होती, खजूर, ताक, गोड कॉफी. परत आली तेव्हा डोळे सुजलेले आणि झगा अंगाला तटतटलेला. पाच किलो परत आले होते. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "जहीदा, हातात काहीतरी असल्याशिवाय मला राहवतच नव्हतं गं. आईचा हात नव्हता ना, मग खजूर."

दोघी रडलो.

आठवड्यानं वसीला आली. यावेळी छापील कागद होता, एकवीस दिवसांचा कार्यक्रम, रोज काय गिळायचं ते रंगीत चौकटीत. मला धास्ती वाटली. बाई खचलेली आहे, आता नाही कशी म्हणेल? मावशीनं कागद घेतला, दोन्ही बाजूंनी नीट बघितला, उलटा केला, टेबलावर पसरला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं बाहीचा नमुना काढायला लागली.

वसीला म्हणाली, "हे गं काय?"

"कागद चांगला जाड आहे. वसीला, तुझी माया मला कळते. पण या डाएटांमध्येच माया नसते बघ. अगदी काठावर शिवलेली असतात. जरा श्वास घेतला, कुणी मेलं, कुणाचं लग्न निघालं, की टर्रकन फाटतात." मग आत हाक मारली, "लख्दर, आमटी गरम आहे का? वसीला पण जेवेल."

वसीला जेवली. मला वाटतं, तिनं कित्येक वर्षांनी दुपारी बसून जेवण केलं असेल. दुसऱ्यांदा आमटी मागताना तिचा आवाज जरा खालचाच होता.

ते पाच किलो उतरायला दीड वर्ष लागलं. मावशीनं त्यासाठी वेगळं काही केलं नाही. दुपारी जेवली, पुलावर चालली, सणाला मकरूद खाल्ले, बसून, ताटलीत घेऊन, दोन. कधी चार. आता अठ्ठावन्न वर्षांची आहे, वजन चौऱ्याऐंशी. बारीक म्हणावी अशी ती नाहीच, आणि आता होणारही नाही, असं ती स्वतःच सांगते.

गेल्या उन्हाळ्यात इमारतीतल्या बायकांनी छोटी बस केली आणि आम्ही कोलोला समुद्रावर गेलो. काकांना रखवालदार म्हणून नेलं. वाळूत चादरी टाकल्या, कलिंगडं पाण्यात ओल्या पोत्याखाली ठेवली, तळलेल्या सार्डिन आणि पाव काढला. जेवण झालं, बायका लवंडल्या. मी डोळे मिटणार एवढ्यात बघते तर मावशी झगा गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात निघाली होती.

लाट आली, मावशी एका बाजूला झुकली, सावरली, आणि खणखणीत हसली. मग कमरेपर्यंत गेली. झगा फुग्यासारखा वर आला, तो तिनं हातानं खाली चापला.

काका किनाऱ्यावरून ओरडायला लागले, "झुलिखा! पुढं जाऊ नकोस! तुला पोहता येत नाही!"

"येतं!" ती तिकडून ओरडली. "लग्नाआधी यायचं!"

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस?" असं म्हणून मावशीनं नाक चिमटीत धरलं आणि पाण्याखाली गेली. काका चप्पल काढावी की नको या विचारात उभे असतानाच ती चार हात पलीकडं वर आली, केस तोंडावर, आणि आम्हां सगळ्यांना हातानं बोलवायला लागली.